झाकलेला आकडा

पडद्यावर आलेख उमटला तेव्हा आम्ही चौघंही उभे होतो, आणि बराच वेळ कुणाला बसायचं सुचलं नाही.

"हे बरोबर आहे?" मी फैझानला विचारलं.

"परत चालवतो," तो म्हणाला. त्यानं प्रोग्रॅम परत चालवला. पुन्हा तीच लाल रेघ. सरळ जायला हवी होती ती मध्यापासून खाली झुकत गेली होती. थोडीशीच, पण खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसेल इतकी.

लायब्ररीच्या कुंदाताई शेजवलकर दाराशी थांबल्या होत्या. आमच्या तोंडांकडे बघून त्या घाबरल्या. "काय झालं? वाईट आहे का काही?"

"वाईट नाही हो, ताई," मी म्हणाले, पण माझाच आवाज मला ओळखू येईना. "विश्व पसरतंय हे तुम्ही ऐकलंय ना? नुसतं पसरत नाही, त्याचा वेग वाढतोय. कशामुळे, ते कुणालाच नीट ठाऊक नाही. जे काही ते करतंय त्याला कृष्ण ऊर्जा म्हणतात. बहुतेक सगळे धरून चालतात की ती कधी बदलत नाही. अब्जावधी वर्षांपूर्वी जेवढी होती तेवढीच आज, आणि तेवढीच पुढेही."

"मग?"

"ही रेघ म्हणतेय की ती बदलतेय. ओसरत चाललीय."

"अगंबाई," कुंदाताई म्हणाल्या, आणि त्यांनी पडद्याकडे न बघता डॉ. बिवलकरांकडे पाहिलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मनोहर बिवलकर सर आमच्या प्रकल्पाचे प्रमुख. ते खिडकीला टेकून उभे होते. त्यांनी पडद्यावर एक नजर टाकली होती आणि मग ते बाहेर बघत राहिले होते.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. मी तेव्हा पस्तीस वर्षांची होते. जिंतूरहून शिकायला पुण्यात आलेली मी, वैजयंती खरात, त्या प्रकल्पात पाच वर्षं काढून बसले होते. काम सांगायला सोपं होतं. काही तारे मरताना स्फोट होऊन मरतात, त्यांना सुपरनोव्हा म्हणतात. त्यांतली एक जात अशी की प्रत्येकाचा उजेड जवळपास सारखा. म्हणजे एकाच वॅटचे दिवे लांबवर टांगलेले असावेत तसं. जो मंद दिसेल तो लांब. लांबचा म्हणजे जुना, कारण त्याचा उजेड पोचायलाच काही अब्ज वर्षं लागलेली. असे चौदाशे स्फोट आम्ही जगभरच्या दुर्बिणींच्या नोंदींतून गोळा केले होते. जुन्या काळी विश्व किती वेगानं पसरत होतं आणि अलीकडे किती, हे त्यांवरून मोजायचं, आणि त्यातून कृष्ण ऊर्जा बदलते का ते बघायचं.

धोका एकच होता. माणूस. उत्तर दिसायला लागलं की माणसाचा हात नकळत त्या बाजूला झुकतो. ही नोंद संशयास्पद, काढून टाका. ती बरी आहे, राहू द्या. असं करत करत तो हवं ते उत्तर काढतो आणि आपण प्रामाणिक आहोत असंच त्याला शेवटपर्यंत वाटतं. म्हणून आम्ही उत्तर झाकून ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी कॉम्प्युटरनं आमच्या सगळ्या मोजमापांत एक गुप्त आकडा मिसळला. तो किती, कुणालाच माहीत नाही. पाच वर्षं आम्ही त्या भेसळ केलेल्या आकड्यांवर काम केलं. खरा आकडा एका फाइलमध्ये कुलूपबंद होता. तिचा पासवर्ड लाखेचं सील लावलेल्या लिफाफ्यात, आणि लिफाफा कुंदाताईंच्या लोखंडी कपाटात. आम्ही त्याला 'झाकण' म्हणायचो. सगळे निर्णय संपले, वहीत सह्या झाल्या, की झाकण उघडायचं आणि जे निघेल ते जसंच्या तसं छापायचं.

ते झाकण त्या दिवशी सकाळी अकरा वाजता आम्ही उघडलं होतं.

"वीस हजारांत एक," फैझान म्हणाला. "योगायोगानं अशी रेघ दिसायची शक्यता. ताई, वीस हजारांत एक!" फैझान इनामदार सोलापूरचा. प्रोग्रॅमिंगची सगळी बाजू त्याची. तो हसायला लागला, मग हसू आवरेना म्हणून त्यानं तोंडावर हात धरला. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. मला रडू येत होतं. जर्मनीतून आलेली नोकरी मी नाकारली होती ती या दिवसासाठी. लग्नाचं एक चांगलं स्थळ, "अजून दोन वर्षं थांबा" म्हणता म्हणता निघून गेलं होतं.

"सर," मी म्हणाले, "काहीतरी बोला ना."

सर म्हणाले, "अभिनंदन तुमचं."

'तुमचं' म्हणाले. 'आपलं' नाही. दोन वर्षांपासून त्यांचं हे असंच चाललं होतं. आधी प्रत्येक आकड्यावरून माझ्याशी तासन् तास भांडणारा हा माणूस एकाएकी गप्प झाला होता. बैठकीत कोपऱ्यात बसायचे. काही विचारलं की एकच उत्तर, "तुम्ही ठरवा." मला वाटायचं, माझ्या कामावरचा त्यांचा विश्वास उडाला. कधी वाटायचं, घरच्या काळजीनं ते खचले. शरयू मॅडम, त्यांच्या पत्नी, याच संस्थेत शास्त्रज्ञ होत्या. प्रकल्पाची मूळ कल्पना त्यांची. पण त्यांना स्मृतिभ्रंश झाला आणि चार वर्षांपूर्वी त्यांनी येणं थांबवलं. तेही कारण असेल. पण आजच्या दिवशी तरी?

"ताई, जरा इकडं बघा," फैझान हळूच म्हणाला. त्याचं हसू गेलं होतं.

मी त्याच्या खुर्चीमागे गेले. खऱ्या आकड्याची फाइल केव्हा केव्हा उघडली गेली याची नोंद कॉम्प्युटर आपोआप ठेवतो. तिथं एकच ओळ असायला हवी होती. दोन होत्या. एक आजची, सकाळी अकरा वाजून सात मिनिटांची. दुसरी दोन वर्षांपूर्वीची. चौदा नोव्हेंबर, दुपारी तीन वाजून वीस मिनिटं.

"ही काय चूक आहे?" मी विचारलं.

"चूक नाही. कुणीतरी उघडलीय."

"कुणी?"

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्या एका क्षणाची मला आजही लाज वाटते, कारण आम्ही दोघांनीही एकमेकांबद्दल तेच मनात आणलं.

"फाइलचं सगळं तुझ्याकडे असतं," मी म्हणाले.

"आणि घाई तुम्हाला होती. जर्मनीवाल्यांना काय कळवू म्हणून विचारत होता तुम्ही, त्याच नोव्हेंबरात."

"फैझान!"

"मग मला का विचारताय? पासवर्डशिवाय ही फाइल माझ्या बापालाही उघडता येणार नाही. पासवर्ड लिफाफ्यात होता. सील आज आपल्यासमोर फोडलं."

आम्ही दोघं एकदमच कुंदाताईंकडे वळलो.  त्या भिंतीला धरून खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

"त्यांना काही विचारू नका," खिडकीकडून आवाज आला. "मी उघडली."

मला वाटतं, मी हसले. ऐकलं ते खोटं वाटलं की माणूस हसतो. झाकणाची पद्धत आणली होती ती बिवलकर सरांनी. नियमावलीतलं प्रत्येक वाक्य त्यांचं. एका विद्यार्थ्यानं गमतीत म्हटलं होतं, "सर, एकदा बघून घेऊ, कुणाला कळणारे?" तर सरांनी त्याला दुसऱ्या दिवशी प्रकल्पातून काढून टाकलं होतं.

"तुम्ही?" मी म्हणाले.

"मी. कुंदाकडून कपाटाची किल्ली मागून घेतली. तिनं विचारलं, कशाला? मी म्हटलं, विचारू नकोस. नंतर सीलही तिच्याकडूनच लावून घेतलं. दोष तिचा नाही."

"का?" माझा आवाज इतका चढला होता की बाहेर कुणीतरी थबकलं. फैझाननं उठून दार लावलं. "का, सर?"

सर खुर्चीत बसले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"त्या नोव्हेंबरात डॉक्टर म्हणाले, शरयूला अजून तीन-चार महिने गोष्टी समजतील. नंतर सांगता येत नाही. हा प्रश्न तिचा आहे, वैजयंती. विश्वाचा वेग वाढतोय हे कळलं तेव्हापासून ती हेच विचारतेय, ही ऊर्जा बदलत असली तर? लोक हसायचे तिला. मी पण हसायचो. तुमचं काम संपायला दोन वर्षं होती. मला वाटलं, तिला समजतंय तोवर तिला उत्तर कळावं. मी फाइल उघडली, जेवढं काम झालं होतं तेवढ्यावर प्रोग्रॅम चालवला, आणि घरी जाऊन तिला सांगितलं. शरयू, तुझं बरोबर होतं. बदलतेय."

"मग?"

"ती पाहत राहिली माझ्याकडे. मला वाटलं, समजलं नाही. मग म्हणाली, 'झाकण उघडलंस तू?' मी हो म्हटलं. तिनं हातातला पेला भिंतीवर फेकला. म्हणाली, 'मग आता ते उत्तर नाही राहिलं. तुझं मत झालं.' तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी ती सगळं विसरली. चहा घेतोस का, म्हणाली."



"म्हणून तुम्ही बैठकीत बोलायचं थांबवलंत," फैझान म्हणाला.

"मला उत्तर माहीत होतं. मी काहीही बोललो असतो तरी तुम्हाला तिकडे ढकललं असतं. तेव्हा गप्प बसायचं ठरवलं. निर्णय सगळे तुम्ही घ्यायचे."

"आणि आम्हाला सांगावंसं नाही वाटलं?" मी विचारलं. "दोन वर्षांत? मला वाटायचं मी बिनकामाची आहे, सर. तुमच्या केबिनमधून बाहेर पडून मी जिन्यात रडलेय."

"वाटलं. रोज वाटलं." त्यांनी डोळे चोळले. "धीर झाला नाही. दुसरं काही कारण नाही."

सर हात धुवायला म्हणून बाहेर गेले. कुंदाताई उठून माझ्यापाशी आल्या. "वैजयंती, माझी निवृत्ती चौदा महिन्यांवर आलीय गं," एवढंच म्हणाल्या. हात जोडल्यासारखं केलं आणि गेल्या.

फैझाननं खुर्ची माझ्याकडे ओढली. "ताई, एक सांगू? ती ओळ पुसता येते. मला दोन मिनिटं लागतील. आणि खरं सांगा, पुसली तर काय बिघडलं? सरांनी एकही निर्णय घेतला नाही. सगळे तुम्ही आणि मी घेतले, आणि आपल्याला खरंच काही माहीत नव्हतं. म्हणजे उत्तर स्वच्छच आहे. सांगितलं तर मात्र जग एवढंच ऐकणार, की या लोकांनी आधी बघितलं होतं. पाच वर्षं पाण्यात. सर संपले, कुंदाताई संपल्या."

त्याचं बोलणं मला पटलं. आज हे कबूल करायला हवं. मला पूर्ण पटलं.

"दुपारपर्यंत हात लावू नकोस," मी त्याला म्हणाले. "मी आलेच."

सरांच्या गाडीतून आम्ही सहकारनगरला त्यांच्या घरी गेलो. मीच म्हटलं, मला मॅडमना भेटायचंय. का, ते मला नीट माहीत नव्हतं. कदाचित पेल्याची गोष्ट खरी आहे का, हे मला बघायचं होतं. 

शरयू मॅडम जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या. सांभाळणाऱ्या लीलाबाई शेजारी होत्या. मॅडम खूप वाळल्या होत्या, पण केस नीट विंचरलेले, पातळ स्वच्छ.

"तुम्ही पोस्टातून आलात का?" त्यांनी मला विचारलं.

"शरयू, ही वैजयंती," सर म्हणाले. "सुपरनोव्हांवर काम करते."

"हो का?" त्यांचा हात थांबला. "कुठल्या? जवळच्या की लांबच्या?"

"दोन्ही, मॅडम."

"जवळचे फसवतात. सगळ्यांना वाटतं, लांबचे अवघड. पण चूक जवळच्यांत असते. बस."

मी बसले. सर दारातच उभे राहिले. मी माझ्याही नकळत बोलायला लागले. नावं घेतली नाहीत. म्हटलं, एक गट आहे. त्यांनी उत्तर झाकून ठेवलं होतं. त्यांतल्या एकानं मध्येच ते पाहिलं. पण पाहिल्यावर तो पूर्ण गप्प राहिला. एकही निर्णय घेतला नाही, एक शब्द बोलला नाही. निर्णय दुसऱ्यांनी घेतले. मग ते उत्तर चालेल ना?

मॅडमनी एक शेंग सोलली, दाणे वाडग्यात टाकले.

"कुठं बसायचा तो?"

"म्हणजे?"

"बैठकीत. तुमच्यासमोर बसायचा का?"

"हो. बसायचा."

"तोंड बंद ठेवलं असेल त्यानं. चेहरा कुठं ठेवला होता?"

मी दाराकडे पाहिलं.

"मला नको विचारू," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी वर्गात शिकवताना असेल तसा झाला होता. "तू स्वतःला विचार. त्याच्या तोंडाकडे बघून तू कधी मत बदललंस?"

"नाही, मॅडम," मी म्हणाले. लगेच म्हणाले. आणि म्हणतानाच मला एक दिवस आठवला.

मॅडम वाडग्यात बघत होत्या. "लीला, एवढे मटार कुणासाठी गं?" त्यांनी विचारलं. पुढं त्या माझ्याशी काही बोलल्या नाहीत.

मी रिक्षा करून संस्थेत परत आले. सरांना काही सांगितलं नाही. कपाटातून माझ्या कामाच्या वह्या काढल्या. मी रोज लिहायचे, काय केलं, काय ठरलं. आदल्या वर्षीची वही उघडून मी जुलै महिना शोधला.

एकसष्ट सुपरनोव्हांचा प्रश्न होता. ते सगळे एकाच जुन्या दुर्बिणीनं टिपलेले, मधल्या अंतरावरचे. त्या दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात एक दोष निघाला होता. दुरुस्ती करता येत होती, पण ती पुरेशी होती का, याबद्दल दोन मतं होती. ठेवायचे की काढायचे? मी तीन आठवडे त्यावर घालवले होते.

अकरा जुलैच्या पानावर माझ्या अक्षरात होतं: "६१ काढावेत. दुरुस्ती भरवशाची नाही." खाली दोन रेघा मारलेल्या.

बारा जुलै: "सरांना भेटले."

तेरा जुलै: "६१ ठेवायचे. दुरुस्ती पुरेशी."

मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. बारा तारखेला मी त्यांच्या केबिनमध्ये गेले होते हे मला आठवत होतं. मी म्हटलं होतं, सर, मी ते एकसष्ट काढून टाकतेय. सर म्हणाले होते, "तुम्ही ठरवा." एवढंच. ते चहा पीत होते. त्यांचा कप हातात थांबला होता का? त्यांनी वर बघितलं होतं का? एका रात्रीत माझं मत का फिरलं? वहीत कारण नव्हतं. मी, जी दुर्बिणीच्या तापमानाचंही कारण लिहायची, तिनं तिथं काहीच लिहिलं नव्हतं.

"फैझान," मी म्हणाले, "ते एकसष्ट काढून प्रोग्रॅम चालव."

"आता? नियम आहे, झाकण उघडल्यावर काही बदलायचं नाही."

"बदलायचं नाहीये. बघायचंय."

चाळीस मिनिटं लागली. आम्ही दोघं पडद्यासमोर बसून राहिलो. जेवण झालं नव्हतं हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. रेघ आली. अजूनही खाली झुकलेली होती, पण जेमतेम. फैझाननं आकडा वाचला आणि पुन्हा वाचला.

"विसांत एक," तो म्हणाला.

सकाळी वीस हजारांत एक होतं. विसांत एक म्हणजे काहीच नाही. असं रोज दिसतं आणि रोज विरून जातं.

"ताई, या एकसष्टांत काय आहे?"

मी वही त्याच्यापुढे सरकवली. त्यानं तिन्ही दिवस वाचले.  मग त्यानं माऊसवरचा हात उचलला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले, जणू त्या कॉम्प्युटरला आता हातच लावायचा नाही.

साडेचारला सर आले. मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन वही टेबलावर उघडी ठेवली आणि दोन्ही आकडे सांगितले. त्यांनी पान वाचलं. 

"बारा जुलै," ते म्हणाले. "तू आली होतीस. चहा आला होता."

"हो."

"मी काय केलं?"

"तुम्ही म्हणालात, तुम्ही ठरवा."

"ते माहीत आहे. माझ्या चेहऱ्यावर काय होतं?"

"मला आठवत नाही, सर."

"नीट आठव, वैजयंती." ते जवळजवळ विनवणी करत होते. सत्तरीला आलेला, अर्ध्या जगाला माहीत असलेला माणूस माझ्यासमोर टेबलाची कड घट्ट धरून बसला होता. "मी दचकलो होतो का? एकसष्ट काढले तर ते उत्तर जाईल, हे मला तेव्हा माहीत होतं. मी मन घट्ट करून बसलो होतो. मला वाटलं, मी काही दाखवलं नाही."

"दाखवलं नसेलही. माझं मत माझंच फिरलं असेल. मला खरंच सांगता येत नाही."

"मलाही नाही," सर म्हणाले.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं होतं, मी रागावेन. सकाळपासून तो राग मी धरून ठेवला होता. पण तो निघेना. एवढंच कळत होतं, की आम्ही दोघंही प्रामाणिक होतो आणि तरीही त्या उत्तराचं काय करायचं हे आता कुणालाच कळणार नव्हतं.

शोधनिबंध सहा महिन्यांनी छापला. त्यात दोन्ही आकडे होते, एकसष्टांसकट आणि एकसष्टांशिवाय, आणि झाकण आधी उघडलं गेलं होतं हेही. पहिल्या आठवड्यात जगभरातून पत्रं आली, बरीचशी छद्मी. एकानं लिहिलं, "पुण्यात लिफाफे पारदर्शक असतात वाटतं." सरांनी राजीनामा दिला. कुंदाताईंची चौकशी झाली. निवृत्तीच्या दिवशी त्यांचा निरोपसमारंभ झाला नाही. मी आणि फैझाननं त्यांना घरी पोचवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "सरांनी पुन्हा किल्ली मागितली असती तर मी पुन्हा दिली असती. हे मात्र कुठं लिहू नकोस." लिहिलं आज. त्या हसतील.

मला परदेशातल्या दोन जागांनी मुलाखतीनंतर नकार दिला. तिसरीनं घेतलं, आणि घेताना त्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या, तो एकसष्टांचा तक्ता तुम्ही छापलात म्हणून. आमच्या चौदाशे नोंदी आम्ही सगळ्यांसाठी खुल्या केल्या होत्या. नंतर दुसऱ्यांनी दुसऱ्या पद्धतींनी हाच प्रश्न तपासला. आजही कुठून कुठून तसे इशारे येतात, की ती ऊर्जा बदलत असावी. शरयू मॅडमचं बरोबर असेल. नसेलही. खात्रीनं कुणी सांगत नाही.

मॅडम त्यानंतर दोन वर्षांनी गेल्या. सर गेल्या पावसाळ्यात गेले. लिफाफा का उघडला, हे शेवटपर्यंत त्यांनी बाहेर कुणाला सांगितलं नाही. परिषदांमध्ये लोक मला विचारायचे, एवढ्या मोठ्या माणसाला ही दुर्बुद्धी कशी सुचली? बक्षिसाची घाई? मी म्हणायचे, मला माहीत नाही. कारण तसं सरांनी माझ्याकडून वदवून घेतलं होतं. ते दोघंही आता नाहीत, म्हणून बोलतेय.

शोधनिबंधातला तो परिच्छेद मी लिहून त्यांच्या घरी नेला होता. चार वाक्यं होती. पहिल्यात तारीख. दुसऱ्यात त्यांचं नाव. तिसऱ्यात एकसष्टांची हकीकत. चौथ्यात मी लिहिलं होतं, की आजारी पत्नीला, जिची ही कल्पना होती, उत्तर कळावं म्हणून त्यांनी हे केलं. आतल्या खोलीत मॅडम झोपल्या होत्या. सरांनी कागद वाचला, खिशातलं पेन काढलं आणि चौथं वाक्य सावकाश, एक अक्षरही दिसणार नाही असं खोडलं.

"सर, राहू द्या ना," मी म्हणाले. "लोक काय काय बोलतील. हे वाचलं तर माफ करतील तुम्हाला."

"करतील," ते म्हणाले. "म्हणूनच नको. मला माफ केलं, की ते त्या आकड्यालाही माफ करतील."